उजवीकडची खुर्ची

200 तास उड्डाण केलं, परीक्षा पास झालो की कमर्शियल पायलटचं लायसन्स मिळतं. म्हणजे तुम्हाला विमान चालवता येतं, हे सरकारला मान्य आहे. पण दुसऱ्याच्या हातात विमान देऊन आपले हात मांडीवर ठेवता येतात का, याची सरकार वेगळी परीक्षा घेतं. योग्यच आहे. ती कला त्या 200 तासांत कुणी शिकवलेली नसते.

मी असिस्टंट इन्स्ट्रक्टर झाल्याचं कळल्यावर आजीने विचारलं, "म्हणजे वर्ग विमानातच भरतो? मग पोरांनी दंगा केला तर बाहेर कुठे उभं करणार गं?" या प्रश्नाचं उत्तर आमच्या अभ्यासक्रमात नाही.

विद्यार्थी बसतो डावीकडे, इन्स्ट्रक्टर उजवीकडे. आजवर सगळं डावीकडून शिकलेलं. आता थ्रॉटल डाव्या हातात, कंट्रोल उजव्या हातात, आणि तीच ओळखीची धावपट्टी जरा तिरकीच दिसायला लागते. त्यात सेसना 152 म्हणजे दोनच माणसांचं विमान. खांद्याला खांदा लागतो. विद्यार्थी घाबरलाय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसायच्या आत माझ्या दंडाला कळतं. अडचण अशी, की मी घाबरले तर ते त्याच्याही दंडाला कळतं.

खरा कस मात्र जमिनीवरच लागतो. या विमानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं. वेग फार उतरला, की त्यातून हवा ओढली जाऊन जत्रेतल्या पिपाणीसारखा आवाज येतो: बाई, नाक खाली घे, पंखांचा आधार सुटतोय. ना वीज, ना बॅटरी. हा भोंगा चालतोय ना, हे उड्डाणाआधी तपासायचं तर भोकावर रुमाल धरायचा आणि तोंडाने हवा ओढायची. थट्टा नाही, कंपनीच्या पुस्तकात तसं लिहिलंय. तेव्हा नव्या इन्स्ट्रक्टरचा पहिला धडा असा: गणवेश कडक, खांद्यावर पट्ट्या, डोळ्यांवर गॉगल आणि तोंड पंखाला. पिपाणी वाजते. विद्यार्थी गंभीर चेहऱ्याने वहीत लिहून घेतो, 'रुमाल स्वच्छ असावा.' एवढं झाल्यावरही तो तुम्हाला 'मॅडम' म्हणाला, तर अर्धा आत्मविश्वास तिथेच जमा झाला म्हणायचा.

उरलेला अर्धा लँडिंगला लागतो. धावपट्टी अगदी जवळ आली की नाक हलकेच उचलून धरायचं असतं. पोरं ते एक तर उचलत नाहीत, नाहीतर असं उचलतात की विमान पुन्हा वर निघतं. काही जण कंट्रोल इतका आवळून धरतात की बोटं पांढरी पडतात. त्यांच्या बोटांत मी पेन्सिल अडकवते. मूठ आवळली की पेन्सिलच बोटांना चावते, मला ओरडावं लागत नाही. "आय हॅव कंट्रोल" म्हटलं की विमान माझं, हा मंत्र आहेच. पण तो फार लवकर म्हटला तर पोरगं शिकत नाही, आणि फार उशिरा म्हटला तर चाकांचा हिशेब द्यावा लागतो. या दोन्हींच्या मधला जो एखादा सेकंद असतो, त्यात गप्प बसायचा मला पगार मिळतो. तो पगार किती, ते जाऊ द्या.

या धंद्यात नाव मिळत नाही, हेही सांगून ठेवते. भारतातलं पहिलं पायलट लायसन्स 10 फेब्रुवारी 1929 रोजी जेआरडी टाटांना मिळालं, हे शाळकरी पोरही सांगेल. त्यांना शिकवलं कुणी, असं विचारा. भल्याभल्यांची दातखीळ बसते.

विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडणार, त्या दिवशीची परवानगीसुद्धा असिस्टंटने द्यायची नसते. ती वरिष्ठांनी द्यायची. मी खाली उतरायचं, दार नीट लावायचं आणि बाजूला उभं राहायचं. विमान मग नेहमीपेक्षा झटकन जमीन सोडतं, भराभर चढतं. बघणारे म्हणतात, काय पोरगा तयार झालाय! पोरगा तयार झालाय, यात शंका नाही. पण विमान लवकर चढतं ते उजवीकडची खुर्ची रिकामी असते म्हणून. माझं वजन किती, ते मात्र विचारू नका.