हे काय, हितंच!

दाजी चालत तुळजापूरला निघालेत, ही बातमी ढोकीत कारखान्याच्या भोंग्यापेक्षा लांब गेली. कारण आमचे दाजी कोपऱ्यावरच्या टपरीवर पान खायलासुद्धा मोटारसायकल काढतात. नवस होता ताईचा. पण तो बोलताना तिनं 'हे चालत येतील' असा बोलला होता, आणि ही गोष्ट गावात सगळ्यात शेवटी दाजींना कळली.

"पाव्हणं, तुम्ही संगं चला," दाजी मला म्हणाले. "एकटा चालताना दिसलो तर लोक म्हणतील, गाडी बंद पडली."

कोजागरीला चालत तुळजापूर गाठायचं, यात आमच्याकडं कुणाला नवल वाटत नाही. सोलापूरकडून, लातूरकडून, बार्शीकडून, पार कर्नाटकातून माणसांचे लोंढे येतात; रस्ते वाहनांना बंद ठेवावे लागतात. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की नऊ दिवसांच्या युद्धानं थकलेली आई पौर्णिमेपर्यंत पलंगावर निजते. तिला श्रमनिद्रा म्हणतात. तो पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात घडतो आणि खांद्यावरून तुळजापूरला येतो. हे सगळं मी भक्तिभावानं सांगितलं, तर दाजी थबकले.

"म्हंजे देवी निजलेली, पलंग खांद्यावर बसून आलेला, आन् चालायचं तेवढं आपण?"

दाजींची तयारी मात्र दांडगी होती. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, पायात पांढरे शुभ्र नवे बूट, पाठीवर पिशवी. पिशवीत चादर, छत्री, बॅटरी, पाण्याच्या चार बाटल्या, बाजरीच्या भाकरी, डबाभर शेंगदाण्याची चटणी आणि 'रस्त्यात लागली तर' म्हणून उशी. मी जुन्या चपला घातल्या होत्या. त्याकडं बघून दाजी नुसते हसले.

त्रयोदशीला सकाळी निघालो. वाकडी वाट करून आधी तेरला गोरोबाकाकांचं दर्शन, तिथून संध्याकाळपर्यंत धाराशिव, असा बेत होता. दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या गंजी, मळणी यंत्राचा धुरळा आणि डोक्यावर आश्विनाचं ऊन. तासभर चालून दाजींनी मागं वळून पाहिलं. कारखान्याचं धुराडं होतं तिथंच होतं. आणखी अर्ध्या तासानं पुन्हा पाहिलं. "हे आपल्या मागं मागं येतंय," ते म्हणाले.

मग त्यांनी वाटेत भेटेल त्याला अंतर विचारायला सुरुवात केली. बांधावरचा म्हातारा म्हणाला, "तेर? हे काय, हितंच!" अर्ध्या तासानं शेळ्या राखणारं पोरगं म्हणालं, "हितंच की." त्यानंतर दुधाची किटली घेऊन चाललेला एक जण म्हणाला, "अजून लई लांब हाय." दाजींना एवढ्या जणांत तोच एक सत्यवचनी वाटला.

आमच्या भागात अंतर कधी किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, आणि ही खोड आजची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहितीवही लिहिली, तिचं नाव पेरिप्लस. तिच्यात तेर आहे, तगर या नावानं. भडोचपासून पैठण वीस दिवस आणि पैठणहून तगर पूर्वेला दहा दिवस, असं त्यानं लिहून ठेवलंय. कोस नाही, मैल नाही, दिवस! मला तर खात्री आहे, त्यानंही कुणाला तरी वाटेत विचारलं असणार. तगरचं कापड, मलमल तिथून गाड्यांवर लादून भडोचला जाई आणि पुढं जहाजानं समुद्रापार.

"गाड्यांवर?" दाजींनी एवढंच उचललं. "दोन हजार वर्षांमागचं कापडसुद्धा चालत गेलं नाही म्हणा की."

तेर आलं तेव्हा बुटांनी आपला गुण दाखवला होता. टाचेवर लिंबाएवढा फोड. दाजी गोरोबाकाकांच्या समाधीपुढं बसले ते उठेनात. संतमंडळी जमली असता काकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून बघितलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा आमच्याकडं पोराटोरांना पाठ असते. दाजींना तपासायला डोक्यापर्यंत जायची गरजच नव्हती. टाचेवरच निकाल लागत होता. त्रिविक्रमाचं विटांचं प्राचीन देऊळ त्यांनी बाहेरूनच हात जोडून पाहिलं. लामतुरे संग्रहालयात मी सातवाहनकाळची मातीची भांडी बघत होतो, तेव्हा दाजी बाहेर ओट्यावर पाय वर करून पडले होते. संध्याकाळच्या धाराशिवाचं नाव कुणी काढलं नाही. मुक्काम तेरलाच.

दुसऱ्या दिवशी दाजींनी बूट पिशवीत घातले आणि माझ्या चपलांकडं असं बघितलं, की मी त्या काढून दिल्या. पुढचा प्रवास मी बाजारातल्या नव्वद रुपयांच्या स्लिपरवर केला.

धाराशिव ओलांडलं आणि वाटेचा रंगच पालटला. हलगी, संबळ, गळ्यात कवड्यांच्या माळा, 'आई राजा उदो उदो'चा गजर. आणि दर फर्लांगाला मंडप. चहा घ्या, केळी घ्या, साबुदाण्याची खिचडी घ्या. नाही म्हणावं तर वाढणारा हात धरतो. एका मंडपात चार पोरं चालणाऱ्यांच्या पायांना तेल चोळत होती. दाजींनी आधी संकोच केला, मग डावा पाय दिला, मग उजवा, आणि मग पिशवीतली उशी काढली. पाऊण तास त्यांनी खरीखुरी श्रमनिद्रा घेतली. उठल्यावर घड्याळात पावलं बघितली आणि समोरच्या बाईंना म्हणाले, "मावशी, खिचडी अजून हाय का?"

पौर्णिमेला आम्ही बालाघाटाच्या डोंगरातल्या तुळजापुरात पोचलो. आई पुन्हा सिंहासनावर बसली होती. रांग कुठं संपते म्हणून दाजींनी एकाला विचारलं. तो म्हणाला, "हे काय, हितंच!" पहाटे दर्शन झालं. परतीला एसटी. दाजींचं वजन दीड किलोनं वाढलं, आणि ताईनं ते देवीच्या कृपेत धरलं.

आता दाजींना बूट विकायचे आहेत. नंबर नऊ, पांढरे, एका वेळचे वापरलेले. कुणाला हवे असल्यास ढोकीत चौकशी करावी. किती चाललेत, असं मात्र विचारू नये. फार नाही, हे काय, तेरपर्यंत.