सामान रात्रीचं भरा

डिसेंबर लागला की भंडारदऱ्याच्या आणि पवना धरणाच्या काठावर दर शनिवारी तंबूंच्या रांगा लागतात. गाड्यांच्या डिक्या उघडतात. आतून निघतं काय? ब्लूटूथ स्पीकर, बार्बेक्यूची जाळी, कोळशाचं पोतं, वेफर्सची पाकिटं आणि फोटोंसाठी माणशी तीन-तीन जोड कपडे. हे सगळं संध्याकाळी सहा ते रात्री अकराचं सामान झालं. अकरानंतर सकाळपर्यंत काय लागेल, याचा विचार बॅग भरताना केलेलाच नसतो. पण तंबूत राहायचं म्हणजे तीच रात्र काढायची असते, आणि लहान मुलं बरोबर असली तर ती नीटच काढायला हवी.

आधी थंडी. डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याला रात्रीचा पारा अनेकदा दहा अंशांखाली उतरतो. पांघरुणं सगळे आणतात, अंथरुणाकडे कुणी लक्ष देत नाही. तंबूत थंडी खालून येते. जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते, आणि स्लीपिंग बॅग कितीही महागाची असली तरी अंगाखाली दबलेला तिचा भाग चपटा होऊन कामातून जातो. म्हणून माणशी एक फोमची कॅरिमॅट हवीच. नसेल तर आजीची जाड गोधडी दुहेरी करून खाली घाला. हवा भरायच्या गादीवर विसंबू नका, तिच्यातली हवाच गार पडते. कानटोपी, लोकरीचे मोजे आणि फक्त झोपताना घालायचा एक कोरडा जोड वेगळ्या पिशवीत ठेवा. दिवसभर खेळून घामेजलेल्या कपड्यांतच मूल झोपवलं की ते पहाटे कुडकुडणारच. आणि थंडी आहे म्हणून तंबू गच्च बंद करू नका. चौघांच्या श्वासातली वाफ आतून कापडाला धरते आणि पांघरुणं ओली होतात. वरची जाळी उघडी राहू द्या.

कोळशाबद्दल मी अजिबात सौम्य बोलणार नाही. ऊब हवी म्हणून शेगडी तंबूत घेणारे लोक आहेत. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. उत्तरेकडे हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली अख्खी कुटुंबं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. तंबू खोलीपेक्षा कितीतरी लहान असतो. विझत आलेले निखारेसुद्धा आत नकोत, आणि गॅसचा छोटा स्टोव्हही बाहेरच पेटवा.

मग साप. थंडीत त्यांचा वावर कमी असतो, उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर जास्त. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. म्हणून शिवलेल्या तळाचा तंबू घ्या आणि त्याची चेन रात्रभर पूर्ण लावलेली ठेवा. सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत, त्यांत विंचूही असू शकतो. मध्यरात्री लघवीला उठलेल्या पोराला चपलांवर आणि मोबाइलच्या उजेडात पाठवू नका. प्रत्येकाला स्वतःचा हेडटॉर्च द्या, हात मोकळे राहतात. प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक शिट्टी. सर्वांत जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं आणि तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा आणि कागदावर लिहून ठेवा. डोंगरात रेंज जाते. 108 ला फोन लावायचा तर रेंज कुठे येते, तेही उजेडातच पाहून ठेवा.

तंबू लावून देणारे ‘सगळं मिळेल’ म्हणतात. त्यांना नेमकं विचारा. खाली काय अंथरता? शौचालयं किती, त्यांत दिवा आहे का? लाइफ जॅकेट आहेत का? धरणाचा काठ दोन पावलांत खोल होतो, आणि अंधार पडल्यावर कुणीही पाण्यात उतरायचं नाही. त्यात डिकीतल्या आइसबॉक्समध्ये दारू असेल, तर त्या सहलीला कौटुंबिक म्हणू नका. रात्री मुलाला काही झालं, तर गाडी चालवायला शुद्धीवरचा माणूस हवा.

स्पीकर घरी ठेवा. मुलांना इतक्या लांब नेता ते काय ऐकायला? उजेडाचंही तसंच. मे महिन्याच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांनी झाडं लखलखतात. नर चमकतो, मादी चमकून उत्तर देते आणि त्यातून पुढची पिढी होते. आपले हेडलाइट आणि मोबाइलचे फ्लॅश त्यांचं हे बोलणंच मोडून टाकतात. त्या दिवसांत टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन पेपर लावा, उजेड पायाशी ठेवा आणि फोन खिशात. मुलांचे डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ त्यांना द्या.

किराणा मात्र निम्मा करा. गावात सांगितलं तर गरम पिठलं-भाकरी आणि ठेचा मिळतो, पैसेही त्याच घरात जातात. पाणी, ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं, मुलांच्या तापाचं औषध, काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत, सुरी, दोरी एवढं न्याच. शौचालय नसेल तिथे एक खुरपं न्या. पाण्यापासून निदान 60 मीटर दूर, वीतभर खड्डा, वर माती. डायपर आणि पॅड मात्र पुरायचे नाहीत, ते परत आणायचे. म्हणून कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या दोन जास्तच ठेवा. वेफर्सची पाकिटं नेताना ज्या डिकीत मावली, तिच्यातच ती रिकामी होऊन परतही मावतात.

आता राहिला प्रश्न, हे सगळं भरायचं कुणी. आपल्याकडे सगळ्यांची सॅक आईच भरते, आणि तिथे काही विसरलेलं निघालं की बोलणीही तीच खाते. यंदा यादी कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि प्रत्येक वस्तूपुढे घरातल्या एकेकाचं नाव घाला. टॉर्च आणि त्यांचे सेल बाबांकडे, औषधांचा डबा मोठ्या मुलीकडे, कचऱ्याच्या पिशव्या धाकट्याकडे. आठ वर्षांचं मूल स्वतःचे मोजे आणि कानटोपी नक्की भरू शकतं. आईच्या नावापुढे एकच गोष्ट लिहा, तिची स्वतःची सॅक.