पायथॉनचं विरजण : नवशिक्यांसाठी पाककृती

कळवेकराला क्रॉस-कंपाइल समजावून सांगावं लागत नाही. लोकल सज्ज होते कळव्याच्या कारशेडमध्ये आणि सुटते ठाण्याहून. तसाच पायथॉन घडवायचा लॅपटॉपवर, चालवायचा रास्पबेरी पायवर. अवघड आहे ते केलेलं वहीत उतरवणं.

साहित्य : एक्स८६ लॅपटॉप, ६४ बिट एआरएमसाठीचा कंपायलर, पायथॉन ३.११चा सोर्स, वही, चहा (दोनदा).

कृती :

१. विरजण घ्या. दही लावायला दही लागतं, पायथॉन घडवायला पायथॉन. ३.११पासून क्रॉस-कंपाइल करताना ‘विथ-बिल्ड-पायथॉन’ सांगावंच लागतं, आणि विरजणही ३.११चंच हवं. वहीत नुसतं ‘पायथॉन घ्या’ लिहू नका. ते आजीच्या ‘मीठ अंदाजाने’सारखं होतं. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापं दिली, म्हणून नवख्यांचा स्वयंपाक तरला. तुमची वाटी म्हणजे आवृत्तीचा आकडा.

२. घरं ओळखा. ‘बिल्ड’ म्हणजे जिथे शिजतं ते घर, ‘होस्ट’ म्हणजे जिथे पंगत बसणार ते. शिजवणाऱ्याने चव बघायची नाही. मोह आवरला नाही, तर लॅपटॉप ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणून घास थुंकतो.

३. चौकशीला उत्तरं द्या. ‘कॉन्फिगर’ स्थळ बघायला आल्यासारखा विचारतो : तिकडे ‘डेव्ह-पीटीएमएक्स’ आहे का? ‘डेव्ह-पीटीसी’? त्याला स्वतः जाऊन बघता येत नाही. लिनक्ससाठी पहिल्याला हो, दुसऱ्याला नाही. मी ही उत्तरं वहीत लिहिली नव्हती. सहा महिन्यांनी तीच दोन उत्तरं शोधण्यात खारेगावातला माझा अख्खा रविवार गेला.

४. यादी वाचा. ‘मेक’ संपताना न बनलेल्या मॉड्यूलची नावं छापतो. नवशिका तेवढ्यात चहाला उठतो. एआरएमसाठीचं ओपनएसएसएल हाताशी नसेल, तर ‘एसएसएल’ त्या यादीत असतं. मग पायवर पिप एकही पॅकेज आणत नाही आणि आपण वायफायला शिव्या घालतो.

५. वाढा. सगळं पायवर न्या, पायथॉन उघडा आणि ‘इम्पोर्ट एसएसएल’ लिहून एंटर दाबा. पडद्यावर काहीच आलं नाही? जमलं.

हेही वहीत लिहा. नवशिका गप्प पडद्याला घाबरतो आणि पुन्हा विरजणापासून सुरुवात करतो.