पुढे एक जागा आहे

वीकेंडवाला गृहस्थ पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक अशा शहरांत चाळिशीनंतर आढळतो. सोमवार ते शुक्रवार तो चारचौघांसारखाच दिसत असल्याने ओळखू येत नाही. शनिवारी पहाटे मात्र अर्धी चड्डी, गोल टोपी आणि कमरेला पाऊच अशा वेशात तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीची काच पुसताना सापडतो. शेजारच्या सीटवर बायको, मागे एक मित्र आणि त्याची बायको, दुसऱ्या गाडीत आणखी दोन जोडपी. गाव कोणतंही असलं तरी प्रयोजन एकच असतं, ते म्हणजे खाणं. किल्ला, देऊळ आणि समुद्र यांचा उपयोग दोन खाण्यांमधला वेळ काढण्यापुरता. सगळे नमुने थोड्याफार फरकाने सारखेच, पण पुण्याचा नमुना जास्त पक्का असल्याने पुढील वर्णन त्याच्यावरून केलं आहे.

त्याचं वर्ष डिसेंबरात सुरू होतं, नवं कालनिर्णय घरात येतं त्या दिवशी. 1973 पासून मराठी माणूस त्यात चतुर्थी, एकादशी आणि दुधाचे खाडे बघत आला आहे. हा आधी लाल आकडे बघतो आणि मग ते शनिवार-रविवारला चिकटून आलेत की नाही ते. 2026 चं कॅलेंडर त्याला एकंदरीत पसंत पडलं. 26 जानेवारी सोमवारी. 1 मे, 2 ऑक्टोबर आणि नाताळ, तिन्ही शुक्रवारी. 15 ऑगस्ट तेवढा शनिवारी आला. स्वातंत्र्यदिन शनिवारी येणं हे त्याच्या मते राष्ट्रीय नुकसान आहे आणि ऑफिसात चहाच्या वेळी तो ते वर्षभर बोलून दाखवतो.

कुठे जायचं यावर ग्रुपवर मतदान होतं. मतदान संपल्यावर, जिथलं बुकिंग त्याने आधीच करून ठेवलेलं असतं, ते गाव निवडून येतं. "पाच म्हणजे पाच" असं ठरतं आणि पावणेसातला गाड्या हलतात. चांदणी चौकातला जुना पूल 2022 च्या ऑक्टोबरात स्फोटकांनी पाडला, त्यानंतर तिथे नवे रस्ते आणि रॅम्प झाले. त्यातला नेमका चुकीचा रॅम्प धरून तो सगळ्यांना एकदा कोथरूडचं दर्शन घडवून आणतो. हे सर्वत्र असंच घडत असल्याने त्यावर शाई खर्च करण्याचं कारण नाही.

स्वभाव कळतो तो नाश्त्याला. समजा, दिवेआगरला जायचं आहे. ताम्हिणी घाटातून हे अंतर सुमारे 160 किलोमीटर. पिरंगुटला मागच्या सीटवरून पहिला अर्ज येतो, "इथे वडापावला गर्दी दिसतेय." तो आरशातून मागे बघतो. "इथे नको. पुढे एक जागा आहे." पौडला पोह्यांचा वास काच बंद असूनही आत येतो. "पुढे एक जागा आहे." मुळशीच्या जलाशयाकडेला कणसं भाजत असतात. "कणसांनी पोट भरेल, मग तिथे काय खाणार? पुढे एक जागा आहे." घाटात पाऊस, धुकं, धबधबे आणि कढईतून नुकती निघालेली कांदाभजी असा योग जुळून येतो. दुसऱ्या गाडीतून फोन येतो. फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे उत्तर दोन्ही गाड्यांना एकदमच मिळतं.

ती जागा सगळ्यांची पाठ झालेली असते. पत्र्याची शेड, एक मावशी, चुलीवरचा रस्सा, तळलेली मिरची, आणि पैसे विचारले की मावशी म्हणतात, "द्या काय द्यायचं ते." जागेला बोर्ड नसतो. बोर्ड नसणं ही त्याच्या लेखी गुणवत्तेची पहिली खूण. 'शुद्ध शाकाहारी, फॅमिली रूम, पार्किंगची सोय' असा बोर्ड दिसला तर तो ॲक्सिलरेटर दाबतो. 'आमची कोठेही शाखा नाही' असं लिहिलेलं असेल तर वेग किंचित कमी करतो, वाचतो, मान डोलावतो आणि पुढे जातो.

जागा सापडत नाही यात सगळा दोष त्याचा नाही. त्याच्या डोक्यातला नकाशा लग्नाआधी मोटारसायकलवर फिरताना तयार झाला आणि तिथेच थांबला. दरम्यान मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला आणि जुन्या हायवेवरची वर्दळ पाऊणशे पदार्थांच्या फूड मॉलकडे वळली. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चालू आहे. ते पूर्ण कधी होईल हे कोकणात कोणी विचारत नाही, पण कडेची दुकानं पहिल्याच झटक्यात मागे सरकली. कशेडीला बोगदा झाला आणि घाटातल्या चहावाल्यांना वळसा पडला. महाराष्ट्रात रस्ता रुंद होतो तेव्हा पहिला बळी वडाचा जातो आणि दुसरा वडाखालच्या टपरीचा. मावशींची शेड बहुधा एखाद्या उड्डाणपुलाखाली गेलेली असते, आणि हा पुलावरून जाताना "इथेच कुठेतरी होती" असं म्हणतो, जे अक्षरशः खरं असतं.

कधी जागा असते, पण तिथे दुसरी पिढी आलेली असते. शेडच्या जागी कारंजं, कारंज्यात प्लास्टिकचा बगळा, मेनूकार्डावर पनीर चिली. कधी ती असते आणि दिसतही नाही. माणगाव आल्यावर तो हळूच म्हणतो, "मागेच राहिली वाटतं."

एकदाच ती सापडल्याची नोंद आहे. निजामपूरच्या अलीकडे पत्र्याची शेड दिसली, बोर्ड नव्हता, मावशी होत्या. गाडीत कोणी काही बोललं नाही; बोललं की नाहीशी होईल अशी भीती असावी. भजी आली, मिरची आली, मावशी "द्या काय द्यायचं ते"ही म्हणाल्या. त्याने दोन भजी खाल्ली, तिसरी हातात धरून बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पूर्वीसारखी राहिली नाही." गाडीत बसल्यावर सीटबेल्ट लावता लावता पुढचं वाक्यही म्हणाला.

अशा वेळी आठ माणसं उपाशी का मरत नाहीत, याचं उत्तर त्याच्या पत्नीच्या पायाशी असलेल्या कापडी पिशवीत आहे. मित्रमंडळी तिला वहिनी म्हणतात. वहिनी पहाटे चारला उठून दशम्या करतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि दोन थर्मास चहा. ही गोष्ट त्या आधी कधीच सांगत नाहीत. नवरा "मागेच राहिली वाटतं" म्हणाला की पिशवीची गाठ सुटते. गाडी कडेला लागते, बॉनेटवर वर्तमानपत्र पसरलं जातं. तो चार दशम्या खातो आणि सगळ्यांना उद्देशून सांगतो, "बघा, घाई केली असती तर हे मिळालं नसतं." वहिनी त्यावर थर्मासचं झाकण घट्ट करतात. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी याहून कडक शब्द वापरल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

दुपारच्या जेवणाला वेगळा धोका आहे. दिवेआगरच्या घरगुती खाणावळींत किती ताटं लागणार ते सकाळीच फोन करून कळवावं लागतं. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही. हा कळवत नाही, कारण वाटेत जागा सापडली असती तर जेवण कोणाला गेलं असतं? तीन वाजता ही मंडळी वाडीत उतरतात तेव्हा काकू ओटा पुसत असतात. मग वहिनी आत जातात. आत काय बोलणं होतं ते बाहेर ऐकू येत नाही, पण अर्ध्या तासात भात, आमटी, बिरडं आणि सोलकढी समोर येते. आमटी भुरकत तो काकूंना सांगतो की श्रीवर्धनला, म्हणजे इथून जरा पुढे, एका घरी याहून दाट सोलकढी मिळते. काकू वहिनींकडे बघतात. दोघींची ओळख जेमतेम अर्ध्या तासाची असली तरी त्या नजरेत जुनी मैत्री असते.

मासळीबद्दल त्याचं ज्ञान अफाट आणि ऋतूंपासून मुक्त आहे. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ. हे किनाऱ्यावरच्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. हा जुलैच्या मध्यावर 'आजची, ताजी' सुरमई मागतो, ती आल्यावर तिचा काटा तपासतो आणि "सकाळचीच आहे" असा निर्वाळा देतो. सकाळ कोणत्या महिन्यातली, हे वाढणारा सांगत नाही.

हिवाळ्यात त्याचा मोर्चा शेतांकडे वळतो. हुरडा पार्टीत तो आगटीपाशी गोणपाटावर बसतो, गरम कणीस चोळून दिलेला गूळभेंडीचा हुरडा लसणाच्या चटणीबरोबर ओंजळीने खातो आणि बांधापलीकडच्या शेताकडे बोट दाखवून विचारतो, "ते कोणाचं? तिकडचा कोवळा असेल." अलिबागकडे पोपटीला गेला की वेगळंच. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, कोंबडी; पाणी थेंबभरही नाही. मडकं उपडं घालून भोवती जाळ करतात. इथे मात्र तो मुकाट बसतो. मडकं एकदा लावलं की उघडेपर्यंत पुढे जाता येत नाही, आणि त्या सक्तीच्या मुक्कामात तो बराच सुसह्य असतो.

संध्याकाळी 'बसायचं' असतं. त्याचा तपशील सर्वज्ञात आहे: चखणा, बर्फ कमी पडणं, अंताक्षरीत 'ठ' येणं, साडेदहाला एकाने राजकारण काढणं आणि त्याच्या बायकोने त्याला झोपायला नेणं.

समारंभांच्या बाबतीत काही गोष्टी त्याच्या बाजूनेही लिहाव्या लागतात. ग्रुपमधल्या सगळ्यांचे वाढदिवस त्याला पाठ आहेत, लग्नाचे तर त्यांच्या नवऱ्यांपेक्षा जास्त. ज्याचा असेल त्याला पत्ता लागू न देता तो पुण्याहून केक घेतो. तो केक ताम्हिणीची सगळी वळणं वहिनींच्या मांडीवरून उतरतो, त्यामुळे रात्री डबा उघडल्यावर नाव वाचता येत नाही आणि वय तर मुळीच नाही. किनाऱ्यावर मेणबत्ती टिकत नाही. तो टोपी काढून वाऱ्याला आडवी धरतो, टोपीची कड जळते. त्याच्या सगळ्या टोप्या एका बाजूने जळलेल्या असतात. पोरं परदेशी गेलेल्या एका जोडप्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस अशाच वाळूत, वाचता न येणाऱ्या केकवर झाला. त्या दोघांनी हॉल घेऊन केला असता तर चाळीस माणसं आली असती आणि दहा वाजता घरी गेली असती. इथे सहाच होती, पण एकही उठली नाही.

रविवारी देव, मग खरेदी. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, श्रीवर्धनची सुपारी, जी घरात कोणी खात नाही. परतीची वाट कोंडीत जाते आणि या वाटेवर तो खाण्याचं नाव काढत नाही. मागचे पेंगतात, वहिनी जाग्या राहतात, कारण तो गाडी चालवताना कोणीतरी जागं असावं लागतं. ती दोघं काय बोलतात याचा अभ्यास झालेला नाही. मागच्या सीटवर सहसा झोपेचं सोंग नसतं, झोपच असते.

वयानुसार या प्रकारात फरक पडतो. साठीकडे झुकल्यावर गुडघे, साखर, ॲसिडिटी ही मंडळी न बोलावता ट्रिपला येऊ लागतात. दोन गाड्यांची एक होते. तळलेलं नको म्हणणाऱ्यांची संख्या खाणाऱ्यांपेक्षा वाढते. कोणी मुलाकडे सहा-सहा महिने जातं, कोणाचा फोन घेतला की आधी दवाखान्याचं निघतं. जायचं कशाला, असं ग्रुपवर सगळ्यांच्या मनात असतं आणि कोणी लिहीत नाही. नेमक्या त्याच वेळी त्याचा मेसेज पडतो: 'पाच म्हणजे पाच.' आणि पावणेसातला, कुरकुरत का होईना, पार्किंगमध्ये माणसं उभी असतात. त्याच्याखेरीज दुसरं कोणी ही माणसं घराबाहेर काढू शकलेलं नाही, हे मान्य करायला ग्रुपची तयारी नाही. ते इथे नोंदवून ठेवलेलं बरं. इतक्यात वहिनींनी दशम्या पातळ लाटायला घेतल्या आहेत, दातांमुळे. तो मात्र अजून पिरंगुटला थांबत नाही.

शेवटचा विषय हिशोबाचा. मंगळवारी रात्री तो ग्रुपवर हिशोब टाकतो. टोल, डिझेल, खोल्या, ताटं, बर्फ, केक, जळालेली टोपी (ही वजा करून). आकडे रुपयाला रुपया जुळतात. फणसपोळी कोणी किती नेली हेही त्यात असतं. माणसं जोडप्याने मोजायची आणि भागायचं, अशी त्याची जुनी रीत आहे. या रीतीत दोन वर्षांपूर्वी अडचण आली. मागच्या सीटवरचा मित्र गेला. त्याच्या बायकोने पहिल्यांदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा वहिनी घरी जाऊन तिला घेऊन आल्या. आता ती मागे खिडकीशी बसते, आणि पिरंगुटला वडापावची सूचना नवऱ्याच्या ऐवजी ती करते. उत्तर तिलाही तेच मिळतं.

तिच्या नावापुढे हिशोबात रक्कम नसते. तिने विचारलं की तो सांगतो, मागच्या वेळचे तुमचे जास्त आले होते, ते यात वळते केलेत. मागच्या वेळीही त्याने हेच सांगितलेलं असतं.