बापूंची क्लासिक

प्रत्येक गावात एक माणूस असा असतोच, की ज्याच्याकडची एक जुनी वस्तू तो विकत नाही, धड वापरत नाही आणि दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नाही. कुठे ती दुनळी बंदूक असते, कुठे ग्रामोफोन. शहाद्याला खेटून असलेल्या आमच्या लोणखेड्यात ती मोटारसायकल आहे आणि तिच्या मालकाला सगळे बापू म्हणतात. खानदेशात बापू, आबा, नाना ही पदं पिकलेल्या केसांवर मिळतात. आमच्या बापूंना वाटतं, आपल्याला ते गाडीमुळे मिळालं.

गाडी म्हणजे हिरो होंडाची करिझ्मा, २००३ ची, पहिल्या वर्षातली. २२३ सीसीचं इंजिन, पुढे अर्धं फेअरिंग, १५ लिटरची टाकी. शंभर सीसीवर तिघं बसून वर एक गोणी मांडीवर घेणाऱ्या आमच्या मुलखात ही तेव्हा उघड उघड उधळपट्टी होती. बापूंच्या वडिलांनी गाडी पाहिली आणि एवढंच विचारलं, "हिच्यावर कापूस किती बसेल?" त्या प्रश्नाचं उत्तर बापूंनी अजून दिलेलं नाही.

बापू स्वतःला 'टुरिंगवाला' म्हणवतात. त्यांचं टुरिंग म्हणजे तोरणमाळचा घाट, सप्तशृंगीचा गड आणि अलीकडे गुजरातेतला सरदारांचा पुतळा. फेअरिंगवर खारदुंग ला खिंडीचा स्टिकर आहे. गाडी लेहला गेली होती की स्टिकरच लेहहून कुणी आणून दिला, हे विचारलं की बापू टाकी पुसायला घेतात.

तर या करिझ्माला क्लासिक म्हणायचं की नाही, हा लोणखेड्यातला गेल्या काही वर्षांचा जिवंत वाद आहे. ऊसदर आणि पपईचा भाव हे वाद मोसमी. हा बारमाही.

बापूंची या बाबतीत स्वतःची घटना आहे आणि तिच्यात दुरुस्तीचा अधिकार फक्त त्यांना. कलम पहिलं : कंपनीने गाडी बंद केलेली असावी. "पण बापू, बंद तर कितीतरी गाड्या झाल्या," असं कुणी म्हणालं की पोटकलम येतं. "नुसती बंद होऊन भागत नाही. बंद झाल्याचं लोकांना वाईट वाटलं पाहिजे." उदाहरण तयार असतं : यामाहा आरएक्स १००. १९८५ ला आली, १९९६ ला गेली, आणि आज चांगल्या अवस्थेतल्या गाडीला लाखाच्या वर मागतात. "धूर काढायची, पेट्रोल प्यायची, तरी पोरं रडतात तिच्यासाठी. याला म्हणतात वाईट वाटणं."

कलम दुसरं : पार्ट सहज मिळता कामा नये. गॅरेजमध्ये मिस्तरीने कार्ब्युरेटर उघडून मान हलवली आणि म्हणाला, "बापू, हाई पार्ट आते भेटस नहीं," की दुसरा गाडीवाला कपाळाला हात लावेल. बापूंची छाती फुगते. ते तीच बातमी चहाच्या टपरीवर चार जणांना सांगतात, मुलगा पास झाल्याच्या सुरात. मात्र पार्ट कायमचा मिळत नाही, अशी वेळ येऊ नये म्हणून धुळ्यापासून इंदूरपर्यंत त्यांचे खबरे पेरलेले आहेत. देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात जुन्या क्लच प्लेटा, दोन इंडिकेटर आणि एक व्हायजर आहे. बापूंच्या घरी दसऱ्याला शस्त्रपूजा होते ती याच मालाची.

कलम तिसरं बापूंनी अलीकडेच घातलं : कंपनीला पश्चात्ताप झाला पाहिजे. म्हणजे तिने तेच नाव पुन्हा बाजारात आणलं पाहिजे. म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखाना १९९६ ला बंद पडला. जावा २०१८ ला परत आली, येझदी २०२२ ला. आणि २०२३ च्या ऑगस्टात करिझ्मा एक्सएमआर आली. तो दिवस बापूंनी सणासारखा साजरा केला. नवी गाडी घ्यायचा त्यांचा विचार अजिबात नव्हता. "नाव परत आलं म्हणजे जुनीचा नंबर पहिला लागला," एवढ्यावर त्यांनी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. शिवाय नवीच्या टाकीवर होंडाचं नाव नाही. हिरो आणि होंडाची वाटणी २०१० च्या डिसेंबरात ठरली. त्याआधीची दोन्ही नावं एकत्र असलेली टाकी आपल्याकडे आहे, हे सांगताना बापूंचा आवाज जरा दाटतो. सख्ख्या भावाशी बांधावरून झालेल्या वाटणीत तो दाटला नव्हता.

बापूंची नजर घडली ती सारंगखेड्याच्या यात्रेत. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथे ते लहानपणी आजोबांचं बोट धरून जायचे. घोडा बघणारा जाणकार आधी किंमत विचारत नाही. जनावराभोवती एक फेरी मारतो, दात बघतो, चारी पाय आणि कपाळ पांढरं आहे का, म्हणजे पंचकल्याण आहे का, ते बघतो, आणि मग 'हं' एवढंच म्हणतो. बापू मोटारसायकल अशीच बघतात. टपरीसमोर अनोळखी गाडी लागली की उठतात, हात पाठीमागे बांधून फेरी मारतात, मग उकिडवे बसून साइड पॅनेलच्या स्क्रूकडे बघतात. स्क्रूची खाच घासलेली असली, की गाडी नवख्याच्या हातून खोललेली. चेसिस नंबरावर रंगाचा थेंब असला, की नंतर रंगवलेली. नट नवा आणि वॉशर जुना असला, तर मग काही विचारूच नका. गाडीचा मालक शेजारी उभा राहून घाम पुसत असतो. बापू उठतात, गुडघे झटकतात आणि म्हणतात, "हं." त्या 'हं'वर दोन सौदे मोडल्याचं गावात बोललं जातं.

विरोधी पक्षही तगडा आहे. बुलेटवाले आबा तर करिझ्माला गाडीच मानत नाहीत. त्यांच्या मते १९५५ पासून मद्रासला बनणारी बुलेट तेवढी क्लासिक, तीही जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची. बाकी सगळी शिलाई मशिनं. त्यांच्या बुलेटची फायरिंग ऐकून म्हशी पान्हा चोरतात, ही तक्रार ते कौतुक म्हणून सांगतात. दूधवाल्या नानांकडे राजदूत आहे. ती पोलंडच्या गाडीवरून बेतलेली, हे त्यांना बापूंनीच सांगितलं. तेव्हापासून दोन्ही बाजूंना कॅन लटकवताना नाना तिला जरा जास्त मानाने वागवतात. पण क्लासिकच्या वादात त्यांचा प्रश्न एकच असतो : "दुधाले चालस का?"

सगळ्यात धोकादायक विरोधक बापूंचा पुतण्या. त्याच्याकडे हिमालयन आहे, ४११ सीसीची. ती २०१६ ला आली. २०२३ ला तिच्या जागी ४५२ सीसीची नवी आली आणि दुसऱ्याच दिवशी पुतण्याने जाहीर केलं, "काका, आता माझीही क्लासिक." घटनेतलं पहिलं कलम त्याने काकांवरच उलटवलं. गाडी बंद झाली, त्याला वाईट वाटलं, आणखी काय पाहिजे? बापू दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी घटनादुरुस्ती झाली : गाडी बंद होऊन मालकाच्या डोक्याचा निदान एक केस पांढरा झाला पाहिजे. पुतण्याने आरशात पाहून एक शोधून काढला. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

शेवटी कॉलेजातल्या एका सरांनी कायदा आणून टपरीवर ठेवला. ऐतिहासिक वाहनांच्या 'फिवा' या जागतिक संघटनेच्या व्याख्येत गाडी निदान ३० वर्षांची लागते, मूळ रूपात जपलेली लागते आणि रोजच्या येण्याजाण्याला वापरात नसावी लागते. आपल्या सरकारचा हिशोब त्याहून कडक. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मोठा फेरफार न झालेली गाडीच 'व्हिंटेज'. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर, नोंदणीची फी २० हजार. आणि एवढं करून ती रोज रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, बस्स.

टपरीवर हिशोब झाला. २००३ अधिक ५० म्हणजे २०५३.

"बापू, तोवर तुम्ही पंच्याहत्तरीच्या पुढे. नंबर मिळेल, पण गाडीवर मळ्यात जाता येणार नाही."

"आत्ता तरी कोण जातंय तिच्यावर मळ्यात?" बापू म्हणाले. आणि गडबडीत खरं बोलून गेले.

कारण करिझ्मा मळ्यात जात नाही. ती पडवीत असते, जुन्या नऊवारीखाली झाकलेली. रविवारी सकाळी बापू बनियनचा तुकडा घेऊन बसतात. आधी टाकी, मग फेअरिंग, मग दातांच्या ब्रशने चेन. मग सेल्फ मारतात. बॅटरी बसलेली असेल तर गल्लीतली दोन पोरं ढकलायला येतात, ती ठरलेली आहेत. गाडी चालू झाली की बापू पाच मिनिटं डोळे मिटून आवाज ऐकतात, बंद करतात आणि लुगडं परत घालतात. काकू आतून ओरडतात, "ती गाडी इकी टाका, नहीं ते मी भंगारवालाले दी देसू!" गेली कित्येक वर्षं भंगारवाला गल्लीत आला की काकूच त्याला दारावरून पुढे हाकलतात, हा भाग वेगळा.

करिझ्माची आरटीओतली वारी मात्र बापू चुकवत नाहीत. पंधरा वर्षं झाली तेव्हा २०१८ ला फेरनोंदणी, मग २०२३ ला दुसरी, आता २०२८ ला तिसरी. फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ ला तीनशेची हजार झाली, वर पर्यावरण कर. बापू हे पैसे वर्गणीसारखे हसत भरतात.

आणि मळ्यात कोण जातं? १९९५ ची हिरो होंडा स्प्लेंडर. पाटीवर अजून एमएच १८, म्हणजे धुळ्याचं पासिंग. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला आणि त्याला एमएच ३९ मिळालं, त्याच्याही आधीची ही गाडी. तिच्यावर खताच्या गोण्या येतात, फवारणीचा पंप जातो, केळीचे घड येतात, ऊसतोडीच्या दिवसांत टोळीच्या मुकादमाला आणायलाही तीच जाते. बापूंच्या तिन्ही मुलांना शाळेत तिनेच सोडलं. तिचं सीट दोनदा शिवलंय, मडगार्डला तार बांधलीय, आरसा एकच आहे आणि तो आकाश दाखवतो. वयाची तिशी तिने गाठलेली आहे. तरीही फिवाच्या व्याख्येत ती बसत नाही, कारण ती रोज वापरात आहे. बापूंच्या घटनेत तर तिचं नावही नाही, कारण तिचे पार्ट कुठल्याही टपरीवर मिळतात.

दोन्ही गाड्या एकाच टाकीवर दोन्ही नावं मिरवतात, एकाच पडवीत उभ्या असतात. धाकटी लुगड्याखाली, थोरली उन्हात. आमचं टपरीवरचं मत आता पक्कं झालंय : गाडी क्लासिक व्हायला वय लागत नाही, कामातून सुट्टी लागते. करिझ्माला ती मिळाली. स्प्लेंडरने कधी अर्जच केला नाही.

म्हणून वाचकहो, तुमच्या घरी जुन्या पासिंगची अशी एखादी स्प्लेंडर असेल, तर भंगारात देऊ नका. टाकीवरचं जुनं नाव पुसू नका, आरसीची मुदत संपण्याआधी फेरनोंदणी करून घ्या आणि जमलं तर रविवारी तिलाही फडकं मारा. फक्त लोणखेड्याला आणू नका. बापू स्क्रू बघतील.