मागचं फाटक

पुण्यात कशालाही विरोध करायचा झाला, तर सुरुवात पार्किंगपासून करावी लागते. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर ‘श्री गजानन प्रसन्न’ असतं, तसं हरकतीच्या अर्जात पहिल्या ओळीला पार्किंग. त्याखाली वाहतूक, मग पाणी, मग ड्रेनेज. कॉलनीशेजारच्या मोकळ्या जागेवर मॉल येणार असं कळल्यावर आमची जी बैठक झाली, तिच्यात हा क्रम कोणी न सांगताच ठरला. बैठकीला आलेल्यांपैकी निम्म्यांच्या गाड्या त्या वेळी त्याच मोकळ्या जागेत उभ्या होत्या. त्याबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही.

या जागेला आम्ही ‘ग्राउंड’ म्हणतो. विकास आराखड्यातही तिच्यावर क्रीडांगणाचं आरक्षण होतं. आरक्षण पडलं म्हणजे जागा लोकांची झाली, असा बहुतेकांचा समज असतो. कायद्याचा तसा काही समज नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 या भारदस्त नावाच्या कायद्यात 127 क्रमांकाचं कलम आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण संपतं. मग जागा शेजारच्या जमिनीसारखी वापरायला मोकळी. राज्यातल्या कितीतरी शाळा, बागा आणि क्रीडांगणं अशी नकाशातच जन्मली आणि नकाशातच वारली.

आमच्या ग्राउंडला या कलमाचा पत्ता नव्हता. तिथे दोन पिढ्यांनी घाणेरीच्या झुडपांत बॉल शोधला. नवरात्रात भोंडला झाला, गणपतीत मंडळाचा मांडव पडला, आणि मुलं आधी सायकल, मग स्कूटर, मग घरच्यांच्या नजरेआड फोनवर बोलणं, हे सगळं तिथेच शिकली. मग आरक्षण उठलं, आणि मालकाने जागेचा वापर निवासीऐवजी वाणिज्य करून मागितला. अशा फेरबदलासाठी त्याच कायद्याच्या कलम 37 खाली नोटीस निघते आणि लोकांना हरकती-सूचना द्यायला एक महिना मिळतो. ती नोटीस पेपरात आली. कॉलनीत ती पहिल्यांदा वाचली माझ्या सासूबाईंनी. त्या पेपर शेवटच्या पानापासून, निविदा आणि हरवल्या-सापडल्यासकट वाचतात. “अगं, हे सर्व्हे नंबर आपल्याकडचे ना?” असं त्यांनी चहा पिता पिता विचारलं, आणि आमच्या शांत गल्लीत चळवळ सुरू झाली.

चळवळीला टेप पुरवली ती सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी. सकाळी फिरायला जायच्या वेळी ते गल्ली मोजायला लागले. टेपचं दुसरं टोक धरायला रोज एक नवा माणूस, त्यामुळे आठवड्याभरात सगळी कॉलनी चळवळीत ओढली गेली. निष्कर्ष असा निघाला की रस्ता कागदावर आहे त्याहून जागेवर अरुंद आहे. अरुंद का झाला, याच्या कारणांत काकांच्याच कंपाउंडबाहेर त्यांनी लावलेल्या बोगनवेली होत्या. ते कलम अहवालातून त्यांनी तांत्रिक कारणास्तव वगळलं.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी ‘लिहिते’. मग लोक आपापली कारणं घेऊन घरी यायला लागले, आणि तेव्हा मला या विषयाची खरी गोडी लागली. समोरच्या काकूंना स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळजाईची टेकडी दिसते. फोडणी करताना टेकडी दिसली नाही तर मीठ चुकेल, असं त्यांचं म्हणणं. कोपऱ्यावरच्या आजोबांना संध्याकाळचं ऊन ग्राउंडच्या कठड्यावर कुठवर आलं यावरून बायकोची गोळी द्यायची वेळ कळते. घरात चार घड्याळं आहेत, पण त्यांच्यावर त्यांचा विश्वास नाही. एका गृहस्थांनी ‘मुलं बिघडतील’ हा मुद्दा लेखी आणला. त्यांचा मुलगा नुकताच आयटीतून स्वेच्छानिवृत्त झाला आहे. एका बाईंनी पॉपकॉर्नच्या वासाची भीती घातली. आणि जवळजवळ प्रत्येकाने, आवाज खाली आणून, दुपारी एक ते चारच्या शांततेचा उल्लेख केला. पुण्यात हा विषय बाहेरच्यांसमोर काढायचा नसतो, चेष्टा होते.

काकांनी माझा कच्चा मसुदा लाल पेनाने तपासला. “याला नियम कुठला?” एवढंच ते विचारत. नियमावलीत चटई क्षेत्र आहे, सामासिक अंतरं आहेत, अग्निशमनाचा जिना आहे, दर अमुक क्षेत्राला अमुक गाड्या आहेत. टेकडीला, उन्हाला आणि फोडणीला रकाना नाही. तेव्हा काकूंची टेकडी ‘इमारतीच्या उंचीमुळे प्रकाश व वायुवीजनास बाधा’ झाली आणि आजोबांचं ऊनही त्याच वाक्यात गेलं. माणसं ज्या कारणासाठी भांडतात आणि ज्या कारणासाठी भांडतो असं लिहून देतात, त्यांच्यात एवढं अंतर मी याआधी फक्त घटस्फोटाच्या कागदपत्रांत पाहिलं होतं.

आता आमच्याबद्दलही थोडं बोलायला हवं. अर्जात आम्ही स्वतःला ‘पूर्णतः निवासी वसाहत’ म्हटलं आहे. या पूर्णतः निवासी वसाहतीत एका गॅरेजमध्ये दहावीचे क्लास चालतात, एका आउटहाउसमध्ये ब्यूटी पार्लर आहे, तीन घरांतून डबे जातात, एका हॉलमध्ये पैठण्यांचं प्रदर्शन वर्षातून इतक्या वेळा भरतं की ते उठलेलं मला आठवत नाही. दिवाळीच्या आधी चकली-चिवड्याची उलाढाल तर एखाद्या लहान कारखान्याला लाजवेल अशी. आणि रविवारी संध्याकाळी आम्हीच दुसऱ्या कुणाच्या तरी कॉलनीशेजारच्या मॉलमध्ये जातो, तिथल्या लोकांच्या गल्लीत गाडी लावतो, आणि “किती गर्दी ही!” म्हणत परत येतो. मुलीने हे भर बैठकीत बोलून दाखवलं. तिला पाणी आणायला आत पाठवण्यात आलं.

सासूबाईंची आठवण याहून अडचणीची निघाली. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, आणि त्यानंतर शहराच्या बाहेर ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतलीच आमची एक. तेव्हा इथे काहीच मिळत नसे. कोथिंबिरीची जुडी हवी असली तरी पीएमटीने मंडईपर्यंत जायचं. मग कोणीतरी आपल्या प्लॉटच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान काढायचं म्हटलं, आणि सोसायटीच्या सभेत केवढा गदारोळ झाला! प्लॉट राहण्यासाठी दिलेत, उंदीर होतील, हमाल येतील, उद्या पानाची टपरी येईल. विरोधाच्या ठरावावर पहिली सही माझ्या सासऱ्यांची. दुकान तरीही झालं. आज त्या दुकानात नातू बसतो, आणि आमच्या अर्जात सातवा मुद्दा काय आहे? ‘परिसरातील जुन्या किराणा व्यावसायिकाच्या उपजीविकेवर होणारा परिणाम.’ सासूबाईंना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “ह्यांना सांगायला हवं होतं गं.”

बाजाराला विरोध करणाऱ्यांच्या नशिबी असं काहीतरी असतंच, आणि पुण्याला तर याचा भला मोठा दाखला आहे. शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरणारा भाजीबाजार हलवून त्यासाठी मोठी देखणी इमारत बांधायचं नगरपालिकेने ठरवलं, तेव्हा सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. ते कोणी ऐकलं नाही. 1886 मध्ये इमारत उघडली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत होते तेव्हा हे नाव बदललं, आणि रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. ज्या बाजाराला विरोध केला, त्याच्याच माथ्यावर विरोधकाचं नाव. पुणेकर रोज तिथे वांगी घेतात आणि कोणालाही यात काही वावगं वाटत नाही. काकांना हा किस्सा सांगितला तर ते दचकलेच. मॉलला आपलं नाव देतील की काय, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर दिसली, आणि शंका अगदीच अप्रिय नसावी असंही वाटलं.

चेष्टा बाजूला ठेवून विचार करायची वेळ माझ्यावर आणली ती घरी कामाला येणाऱ्या मावशींनी. त्यांना मॉल हवा आहे. “पोराला सिक्युरिटीत लागेल की, ताई. आत्ता दोन बस बदलून जातो.” यावर माझ्याकडे पार्किंगचा मुद्दा होता, तो मी काढला नाही. “आणि तुम्ही जाल का हो खरेदीला?” असं विचारलं तर त्या हसल्या. “आत कशाला जाऊ? पाय दुखले तर बसायला जागा नाही, बसलं तर काहीतरी घ्यावं लागतं.” मुंबईत हाजी अलीला 1999 मध्ये क्रॉसरोड्स मॉल उघडला, तेव्हा गर्दी आवरण्यासाठी काही काळ दारात मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे, नाहीतर प्रवेशशुल्क. आता तसं कोणी विचारत नाही. मावशी मात्र न विचारताच बाहेर थांबतात.

आणि मग काका मॉलचा नकाशा घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर चारी कोपऱ्यांना वाट्या ठेवून तो पसरला. हमरस्त्याच्या बाजूला काचेचा दर्शनी भाग, कारंजं, ओळीने पाम. आमच्या गल्लीच्या बाजूला काय? लांबच लांब बंद भिंत, तिच्यात एक मोठं फाटक, आणि फाटकाच्या आत क्रमाने: माल उतरवायचा धक्का, जनरेटर, सांडपाणी शुद्धीकरण, कचऱ्याची खोली. दिवसा शहरातल्या बऱ्याच रस्त्यांवर मोठ्या ट्रकना बंदी असते, म्हणजे माल येणार रात्री किंवा पहाटे. जनरेटरचं धुराडं जिथे दाखवलंय तिथून काकूंची खिडकी नकाशावर अंगठ्याएवढ्या अंतरावर. गल्लीतून माणसांना आत जायला मात्र एकही दार नाही. मॉल आमच्या दाराशी येणार, आणि एक पाव किलो साखर आणायची तर आम्ही वळसा घालून हमरस्त्याने जायचं!

माझं मत त्या टेबलावर पक्कं झालं. किराणा दुकान गल्लीकडे तोंड करून बसलं, म्हणून सासऱ्यांचा ठराव हरला ते बरंच झालं. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाची उधारी थकली, कोणाचं पोर भर दुपारी उन्हात कुठे निघालंय, हे त्या दुकानातून दिसतं आणि विचारलंही जातं. मंडईत कुठल्याही बाजूने शिरता येतं, काही न घेता बाहेर पडलं तरी कोणी पाहत नाही. अशा बाजाराला मी हरकत घेणार नाही, मग तो पूर्णतः निवासी वसाहतीत का असेना. ग्राउंडच्या जागी खाली दहा दुकानं, वर घरं आणि मधे मुलांना पळायला जागा असा नकाशा उद्या कोणी आणला, तर दुपारच्या झोपेचं मी बघून घेईन. पण आमच्याकडे पाठ करून, धूर आणि कचरा गल्लीत सोडून, दर्शनी काच हमरस्त्याला दाखवणारी ही वास्तू नको. अर्जाचा मसुदा मी त्या रात्री पुन्हा लिहिला. पार्किंग दुसऱ्या क्रमांकावर गेलं. काकांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं, लाल पेन उघडलं आणि परत मिटलं.

अशा अर्जांनी काय होतं, असं विचारणारे आमच्याकडेही आहेत. एकट्या अर्जाने फार काही होत नसेल. पण पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा लोकांनी 87 हजारांवर हरकती-सूचना दिल्या होत्या. मुंबईचा नवा मसुदा 2015 मध्ये आला आणि त्याच्यावर एवढा गदारोळ झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितलं. कारणं टेकडीची असोत की पॉपकॉर्नची, पोचवावी लागतात, आणि वेळेत.

तेव्हा तुमच्या घराजवळच्या मोकळ्या जागेबद्दल अशी नोटीस निघाली, तर आमच्या काकांचा सल्ला तुम्हालाही देऊन ठेवते. नोटिशीचं कात्रण ठेवा, तिच्यावरची तारीख बघा. मॉलचा फक्त रंगीत फोटो पाहून गप्प बसू नका, नकाशा मागून घ्या आणि मागची बाजू आधी बघा. एकच मजकूर शंभर जणांनी छापून देऊ नका, प्रत्येकाने आपल्या घराला काय होणार ते आपल्या शब्दांत लिहा. अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीला बोलावतील तेव्हा जा. आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनाही सोबत न्या, त्यांचं म्हणणं तुमच्या उलट असलं तरीही. कलम 37 खाली हरकत किंवा सूचना कोणतीही व्यक्ती देऊ शकते, त्यासाठी घर तिच्या नावावर असावं लागत नाही.