प्रकृती उत्तम

जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क मरते तीही सरकारी शिस्तीत. एखादा सेक्टर निकामी झाला की ती गुपचूप राखीव साठ्यातला दुसरा त्याच्या जागी नेमते, आणि 'स्मार्ट' नावाची तिची स्वयंतपासणी यंत्रणा अहवाल देत राहते: प्रकृती उत्तम. राखीव साठा संपत आला की इशारा येतो. कधी तोही येत नाही, थेट टक-टक ऐकू येते. मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणाऱ्या तबकडीवरून काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगणाऱ्या हेडला आता आपली जागा सापडत नसते.

मग घरोघरचे तज्ज्ञ जागे होतात. काका म्हणतात, "जरा थोपट." भाचा संपूर्ण डिस्क स्कॅन करायला सांगतो, म्हणजे दमेकऱ्याला पर्वती चढायला लावणं. कुणी फ्रीझर सुचवतं. झालं, मटारच्या पिशवीशेजारी बारशाचे फोटो! बाहेर काढल्यावर डिस्कवर दव धरतं, त्याची जबाबदारी सल्लागारावर नसते.

लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर-दुकानात मात्र सगळं सोपं असतं.

"नवीन एसएसडी टाकून देतो, पळेल बघा."

"आणि आतला डेटा?"

"तो वेगळा."

वेगळा म्हणजे धूळमुक्त खोली, सुटे भाग आणि लॅपटॉपच्या किमतीलाही लाजवेल असं बिल, तेही हमीशिवाय.

बॅकअप? त्यासाठी खास बाहेरची डिस्क आणलीय की. तिच्यावर सिनेमे भरलेत.